झोपायला गोळी लागते

पाळणाघरातली मावशी मुलांना झोपेच्या गोळ्या देते, ही बातमी सोमवारी सकाळी इस्त्रीच्या दुकानातून निघाली आणि दुपारपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. निघताना गोळी अर्धी होती, दुधातून द्यायची. किराणा दुकानापाशी ती अख्खी झाली. केस कापायच्या दुकानात एकीच्या दोन झाल्या, आणि कोपऱ्यावरून वळेपर्यंत लोकांनी थेट सुईच टोचली. संध्याकाळी एका आजोबांनी तर ती सुई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. या आजोबांना चष्म्याशिवाय स्वतःच्या चपला ओळखू येत नाहीत. पण ते असो.

खरं एवढंच होतं की मावशीने जन्मात कुणाच्या पोराला झोपेची गोळी दिली नव्हती. गोळी ती घालत मात्र होती. रोज दुपारी दीड वाजता, प्रत्येकाला एकेक, बोटाने.

मावशीने बावीस वर्षं हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात आयाचं काम केलं. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीपायी दूर गेला, आणि पुढे गुडघ्यांनी जिने चढायला साफ नकार दिला, तेव्हा तिने तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत पाळणाघर काढलं. बाहेरच्या खोलीत सतरंज्या, आतल्या खोलीत ओटा आणि कपाट. अकरा मुलं. कोण कधी शी करणार, कुणाला दूध गार लागतं आणि कुणाला पातेल्यातली साय बघूनच उलटी येते, हे तिला तोंडपाठ. मावशी मुलांची लाडीगोडी करत नाही. "रडून झालं का? मग नाक पूस," एवढंच म्हणते, आणि मूल खरोखर नाक पुसतं.

बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे. मुलाने पाठवलेला, भिंतभर मोठा. सुरुवातीला एकदा तिने तो मुलांसाठी लावला. पाचच मिनिटांत अकराच्या अकरा मुलं तोंडं उघडी ठेवून, हातपाय टाकून, पापणी न हलवता बसली. वॉर्डात एखादं पोर असं गप्प झालं की मावशी थर्मामीटर आणायला पळायची. इथे तर अख्खा वॉर्ड एकदम आजारी पडल्यासारखा दिसला. तिने टीव्ही बंद केला, त्याच्यापुढे कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला, आणि त्यावर मुलांचे पंचे टाकले. ते अजून तिथेच वाळतात.

पण टीव्ही बंद केला म्हणून मुलांच्या डोक्यातला कसा बंद होणार? घरी तो दिवसभर चालू. टीव्ही लावल्याशिवाय घास गिळत नाहीत, असं आया सांगत, आणि सांगताना चेहऱ्यावर काळजी कमी, कौतुक जास्त. त्यातली एक बँकेत काउंटरवर बसणारी ताई. तिची पाच वर्षांची मुलगी म्हणजे भिंगरी. जागची हलली नाही तर तिला धाप लागते. "आमच्या हिला सगळ्या मालिकांची नावं पाठ आहेत हो!" असं ही ताई मुलीला सोडायला येताना रोज सांगायची. स्वतःचा पत्ता पाठ आहे का, असं मावशीने एकदा विचारलं. तेव्हापासून कौतुक थोडं आखडलं.

मुलांना मात्र टीव्हीतलं सगळं समजत होतं, त्यांच्या पद्धतीने. एकदा मावशीने विचारलं, "काय गं, माणूस मेला की कुठे जातो?" भिंगरी म्हणाली, "साबणाच्या जाहिरातीत." तिने स्वतः बघितलं होतं. रात्री ज्या मामाला मारलं, तोच मामा लगेच फेस लावून आंघोळ करत होता. दुसरा एक पोरगा, ज्याने स्वतःचं नाव हिरो ठेवून घेतलं होतं, त्याचं म्हणणं वेगळं पडलं. "आधी तेलाच्या जाहिरातीत जातो, मग साबणाच्या." यावरून दोघांत मारामारी झाली.

दुपारी झोपवणं हा मावशीचा रोजचा डोंगर. एका दुपारी हिरोने बोट रोखलं आणि "ठो!" केलं. मावशी पहाटेपासून उभी होती. ती सरळ सतरंजीवर आडवी झाली आणि मेली. मरण्यात इतकं सुख असतं हे तिला तोवर माहीत नव्हतं. खोली चिडीचूप. मग भिंगरी कानाशी वाकून म्हणाली, "मावशी, तू किती वेळ मेलीस?"

"चार वाजेपर्यंत," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "आणि माझ्याबरोबर कोण कोण मरतंय?"

अकराही तयार. त्या दिवसापासून तेच. दीड वाजला की मावशी दारात उभी राहायची, बोट रोखायची आणि एकेकाला गोळी घालायची. पोरं धपाधप पडायची. एकदा मेल्यावर हलायचं नाही, बोलायचं नाही, पाणी मागायचं नाही. हे नियम मुलांना टीव्हीनेच शिकवले होते. एकटा हिरो काही मरेना. "हिरोला गोळी दंडात लागते," त्याने सांगितलं. मावशीने क्षणभर विचार केला. "बरोबर. मग त्याला हॉस्पिटलात पट्टी बांधून झोपवतात." तिने त्याच्या दंडाला रुमाल बांधला. पाचव्या मिनिटाला हिरो घोरत होता. त्याला कधी कधी दुसरी गोळी लागे, एवढंच.

असं सगळं सुरळीत चाललं असताना रविवार आला. घरी ताई भिंगरीला दुपारी झोपवत होती. भिंगरी म्हणाली, "इथे कशी झोपू? मावशीकडे झोपायला गोळी लागते."

ताई ताडकन उठून बसली. "कसली गोळी?"

"एकच लागते. हिरोला दोन लागतात."

"आणि मग काय होतं?"

"मग आम्ही पडतो. हलताच येत नाही."

टीव्हीवर त्या वेळी योगायोगाने गुन्ह्यांचा कार्यक्रम चालू होता. घरात तो नेहमीच योगायोगाने चालू असतो, कारण भिंगरीचे वडील तो बघितल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. हे गृहस्थ विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासतात. मेलेल्या माणसाच्या बायकोलासुद्धा "कशावरून?" विचारायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. गल्लीत त्यांना फौजदार म्हणतात, आणि ते थट्टेने म्हणतात हे त्यांना अजून कळलेलं नाही. फौजदारांनी टीव्हीचा आवाज कमी केला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "वॉर्डातली बाई. गोळ्या चोरून आणल्या असणार. पॅटर्न अगदी तोच आहे." मुलीला "कडू होती का?" एवढंही कुणी विचारलं नाही. साधा प्रश्न विचारला की भाग पाच मिनिटांत संपतो ना!

पालकांच्या ग्रुपवर ताईचा निरोप गेला. सोमवारी अकरातली चार मुलं आली नाहीत. मावशीला वाटलं, कसली साथ आली की काय. मंगळवारी सात आली नाहीत. बुधवारी इस्त्रीवालीने मान खाली घालून सगळं सांगितलं, आपल्या दुकानाचा भाग सोडून. बावीस वर्षांत शेकडो पोरांना मावशीने औषध पाजलं होतं, एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आणि आता तिच्याच हातून पोरांना विष? पाळणाघर गेलं तर ती दिवसभर कुणाचं नाक पुसणार होती? आणि या गल्लीत मान वर करून भाजी आणायला कशी जाणार होती?

गुरुवारी दुपारी एक वाजता फौजदारांनी अर्धी रजा टाकून छापा घातला. बरोबर ताई, साक्षीदार म्हणून भिंगरी, आणि हिरोची आई. ही आई त्याला चारही दिवस पाठवत होती. तिला शिवणाच्या कारखान्यात सुट्टी मिळत नव्हती आणि अफवेवर विश्वास ठेवायला तेवढी तरी फुरसत लागते.

फौजदारांनी कपाट उघडलं. डबे हुंगले. दुधाच्या पातेल्यात चमचा घालून चमच्याकडे उजेडात पाहिलं. मग एक पाकीट हातरुमालात धरून, चिमटीत उंदीर धरावा तसं, वर केलं. "हे काय?"

"माझी रक्तदाबाची गोळी."

"कशावरून?"

"कालपासून दोन घ्याव्या लागतायत, त्यावरून."

हिरोची आई फस्सकन हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. फौजदार गडबडले, पण मागे हटले नाहीत. "मुलीने सांगितलंय. गोळी लागते, पडतात, हलता येत नाही. बोला!"

मावशीला आत्ता कुठे उलगडा होत होता. ती फौजदारांच्या तोंडाकडे बघतच राहिली. तेवढ्यात घड्याळात दीड झाला आणि सतरंजीवरून हिरो ओरडला, "मावशी, वेळ झाली! गोळ्या घाल ना!"

ताईने किंकाळी फोडून भिंगरीला छातीशी धरलं. भिंगरी तिच्या हातांतून मासळीसारखी निसटली आणि आपल्या जागेवर जाऊन छाती काढून उभी राहिली.

मावशीने पदर खोचला. दारात गेली. बोट उचललं. "ठो."

एक पोरगी पडली. "ठो." दुसरा पडला. हिरोला दंडात लागली. त्याने स्वतःच रुमाल पुढे केला. शेवटी भिंगरी. तिने आधी छाती धरली, गिरकी घेतली, भिंतीला टेकली, "माझ्या बाळांना सांभाळा" म्हणाली, आईकडे हात केला, परत एक गिरकी घेतली, आणि मग कोसळली. एवढं लांबलचक मरण तिला कुणी शिकवलं, हे ताईला चांगलंच ठाऊक होतं. रोज साडेआठला दोघी एकाच पांघरुणात बघायच्या.

दहा मिनिटांत खोलीभर मंद घोरणं सुरू झालं. फौजदारांनी तरीही वाकून एकाची नाडी बघितली. हिरोची आई भिंतीला धरून हसत होती. "मी सगळ्यांना सांगते, मावशी," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या अकराही येतील. आमच्या ह्यांनासुद्धा पाठवू का? रात्री झोपत नाहीत."

इतक्यावर गप्प बसले तर ते फौजदार कसले? कपाट उघडं टाकून, दुधाचा चमचा हातात तसाच धरून, त्यांनी घसा खाकरला. "ते ठीक आहे. पण तुम्ही आमच्या मुलांना हे असलं मारामारीचं शिकवता? काय संस्कार होणार त्यांच्यावर?"

मावशीने त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला.

"हळू बोला, साहेब. मरायचं कसं ते ही सगळी घरूनच शिकून येतात. मी फक्त चार वाजता उठवते."