ओइवाचा चुकलेला हातचा

हिल्काबाईंनी ओइवाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याच्या खिडकीमुळे. फिनलंडमधल्या ओउलूतला जानेवारी, बाहेर उणे अठ्ठावीस, आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी वीतभर उघडी. बाई निवृत्त गणित-शिक्षिका, शिवाय इमारतीच्या कमिटीवर. जाब विचारायला वर गेल्या.

"बंद केली तर आम्ही दोघं शिजून निघू, बाई," ओइवा दारातच म्हणाला. आत संगणक घोंघावत होता आणि त्याच्याशेजारी ओले मोजे वाळत होते.

"घाम काढायला खाली सौना आहे की सगळ्यांसाठी."

"हाही सौनाच. फक्त गणितंही करतो," आतून त्याची थोरली बहीण लेम्पी म्हणाली.

दोघं कामाला होती ती कागदाची गिरणी बंद पडल्यापासून ही दोघं भावंडं एक प्रचंड मूळ संख्या शोधत होती. जगभरात असे हजारो हौशी. प्रत्येकाच्या वाट्याला तपासायला एकेक संख्या येई. त्या वर्षीची सव्वादोन कोटी अंकांची होती.

"एवढी संख्या यंत्राच्या एका खणात मावत नाही," ओइवा सांगे. "तिचे लाखो तुकडे करायचे, एकेका खणात एकेक ठेवायचा, गुणायचं आणि हातचा पुढे न्यायचा. तुम्ही पोरांना शिकवायचात तसंच." असा गुणाकार साडेसात कोटी वेळा केला, की ती मूळ आहे का ते कळे.

मग लेम्पीची फुप्फुसं थकली. डॉक्टर म्हणाले, फार तर मार्चअखेर. यंत्र निकालाला एप्रिल दाखवत होतं. तिच्या डोळ्यांदेखत निकाल लागावा म्हणून ओइवाने तुकडे जरा मोठे केले. खण कमी लागले, काम भरभर होऊ लागलं. पण यंत्र हे गुणाकार अपूर्णांकांत करतं आणि शेवटी उत्तर जवळच्या पूर्ण संख्येवर आणून ठेवतं. तुकडे फार मोठे झाले, की जवळची कुठली हेच त्याला धड कळेनासं होतं. त्यावर नजर ठेवणारी एक तपासणी असते. तीही वेळ खाते म्हणून त्याने ती बंद केली.

वीस मार्चला निकाल आला: मूळ नाही.

"नाही निघाली, ताई."

"बारा वर्षांत एकदा तरी 'निघाली' म्हण की मेल्या," लेम्पी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "असू दे. दुसरी घे."

चार दिवसांनी ती गेली.

एकाने तपासलेली संख्या पुढे कधीतरी दुसऱ्या कुणी, दुसऱ्या यंत्रावर तपासायची, असा या लोकांचा रिवाज. दोन वर्षांनी पोर्तुगालमधल्या एका नर्सने ओइवाची संख्या तपासली. ती मूळ होती. शोधणारी म्हणून नाव त्या नर्सचं लागलं.

ओइवा खाली बाईंकडे आला आणि स्वयंपाकघरात कोट न काढताच बसला.

"कुठेतरी एक हातचा चुकला, बाई. पुढचं सगळंच मग चुकत गेलं."

"तुझ्याकडे वेळ नव्हता रे."

"ती संख्या घरात होती. निघालेली होती. आणि मी ताईला नाही म्हणून सांगितलं."

अडतीस वर्षं बाईंनी पोरांना उत्तर पुन्हा ताडून पाहायला शिकवलं होतं. त्यांनी कॉफी ओतली. त्याने ती घेतली नाही.

संगणक त्याने मे महिन्यात भंगारात दिला. ओइवा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. खिडकी बंद असते, आणि मोजे तो रेडिएटरवर वाळवतो.