धावत्या गाडीचं नाक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फिजिक्स; आता शाळेत मास्तर. आमच्या कडा गावाला रूळ यायच्या आधी मी आगगाडी पुस्तकात वाचली होती, आणि ह्याचा मला अभिमान आहे. पुढं रूळ आले ते आमच्या शेताच्या मधून. अलीकडं गोठा, पलीकडं रान. जायला रुळाखालून बोगदा आहे, पण कडब्यानं शिगोशीग भरलेली बैलगाडी त्यात मावत नाही. म्हणून आण्णा, माझे वडील, गाडी सरळ रुळावरून घालायचे. ह्यावरून आमची कितीदा भांडणं झाली.

एकदा बांधावर बसलो होतो. समोरून रेल्वे गेली तसं आण्णांनी विचारलं, "तुज्या बुकात हिचं काय लिवलंय?"

मी सांगितलं, धावत्या गाडीच्या दोन्ही टोकांना आपल्या हिशेबानं एकाच क्षणी वीज पडली, तर गाडीतला माणूस म्हणेल पुढची आधी पडली.

"मंग त्यो खोटं बोलतोय."

"न्हाई आण्णा, दोघंबी खरं."

"लई भारी! कोरटात दोघंबी सुटत्याल."

मग लांबीचं सांगितलं. दोघांचं 'आत्ता' वेगळं, म्हणून उभ्या माणसाच्या मापात धावती गाडी आखूड भरते. पण त्याला प्रकाशासारखा वेग लागतो, आपल्या ह्या गाडीला अणूएवढाही फरक पडत नाही. हे शेवटचं आण्णांनी ऐकलंच नाही.

चार दिवसांनी चहाच्या टपरीवर ते सांगत होते, "आमचं पोरगं म्हनतंय, पळती गाडी आकसती. म्हंजी तिचं नाक मागं सरतंय. तेवडी जागा आपल्याला गावती."

मी तिथंच सगळं समजावलं. लोक हसले. "मास्तर, चारचौघांत बापाला खोटं पाडता व्हय?"

मग ती दुपार. भरल्या गाडीचं चाक रुळाजवळच्या खडीत रुतलं आणि भोंगा वाजला. मी गोठ्यातून पळत सुटलो. समोरून इंजिन येतंय असं वाटतच नव्हतं, ते जागच्या जागी मोठं होत होतं. बैलांनी हिसका दिला, गाडी सुटली. मागच्या चार पेंढ्या इंजिनानं उडवल्या.

रेल्वे गेल्यावर अलीकडं, गाडीशेजारी, आण्णा हसत उभे होते.

"बगितलंस? आकसली!"

"बैलांनी वाचवलं आण्णा."

"तुज्याच बुकातलं हाय. आता कावून न्हाई म्हनतूस?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन बैलगाड्या लांबचा वळसा सोडून आण्णांच्या मागं रुळाकडं वळल्या. शेजारी मला ओरडून म्हणाला, "मास्तर, तुमच्या भरवशावर हाव बरं का!"

मी आडवा उभा राहिलो, बैलांच्या वेसणी धरल्या. आण्णांनी चाबूक उचलला, मारला नाही. गाड्या मागं फिरल्या.

तेव्हापासून आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. संध्याकाळी मी रुळाशी जाऊन उभा राहतो, तेव्हा कोणी गाडी घालत नाही. सकाळी मला शाळा असते.