पुढचं दार नसलेला ट्रेलर

ओन्नी पेराला जन्मभर ट्रेलरवाल्यांची टिंगल करत आला. हिवाळा लागला की खालच्या शहरांतली माणसं बर्फावर पळणाऱ्या आपल्या स्नोमोबिली बंद ट्रेलरात कोंडून उत्तरेकडच्या आमच्या गावात आणायची. ओन्नी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी बसायचा आणि म्हणायचा, "बघ इर्मा, आल्या शवपेट्या. आत कोण मेलंय विचारून ये."

त्याला बोलायला काय जात होतं? त्याची पिवळी स्नोमोबिल घरामागच्या गॅरेजात असायची. किल्ली फिरवायची, दोरी ओढायची, की गाडी दारातूनच निघायची ती पाइनच्या जंगलातून थेट तळ्याकाठच्या खोपटापर्यंत. ते खोपट त्यानं आणि आइलीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. खोपटाला लागून सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, समोर गोठलेलं तळं. हिवाळ्यात तिकडचा रस्ता कुणी साफ करत नाही, त्यामुळे स्नोमोबिलशिवाय पोचता येत नाही. आइली गेल्यावरही तो दर शनिवारी जायचा, सौना तापवायचा, एकटाच बसायचा आणि रविवारी परत यायचा. मी इर्मा, शेजारीण. आइलीची मैत्रीण होते, शाळेची बस चालवून निवृत्त झालेय. बसमध्ये ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की सगळ्यांना वाटतं मी कायम चिडलेली असते. बहुतेक वेळा असतेच.

मग मधलं जंगल शिकागोच्या कुणा माणसानं विकत घेतलं आणि वाटेवर साखळी लावली. ओन्नीला कुणी सांगितलंसुद्धा नाही. तो ऐटीत निघाला आणि साखळीसमोर जाऊन थांबला. आता त्याची गाडी जुनी, मागे जायची सोयच नाही तिला. तशा गाडीचं बूड हातांनी उचलायचं, थोडं सरकवायचं, परत उचलायचं, असं करत ती वळवावी लागते. ऐंशीच्या घरातला माणूस मांडीभर बर्फात ते करत बसला. घरी आला तो कंबर धरून. महिनाभर मी त्याच्या पाठीला मलम चोळलं आणि त्या शिकागोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

खोपटाकडे जायला दुसरी वाट आहे, पण ती पलीकडच्या गावातून सुटते. तिथवर गाडी न्यायची तर ट्रेलर हवा.

"म्हणजे आता तूही शवपेटी घेणार," मी म्हणाले.

"घेणार. पण माझ्या मापाची घेणार."

त्या उन्हाळ्यात त्याला दुसरा विषय नव्हता. उघडा ट्रेलर स्वस्त पडतो, पण तो नको म्हणाला. रस्ते खात्यात जन्मभर बर्फ काढायचा ट्रक चालवलेला माणूस. ज्या रस्त्यांवर बर्फ वितळायला स्वतः मीठ टाकलं, ते मीठ चाकांखालून उडून गाडीचं काय करतं हे त्याला पाठ होतं. तेव्हा बंदच हवा. लोखंडी नको, अॅल्युमिनियमचा. छत बुटकं, म्हणजे वारा अंगावर घेत नाही आणि त्याच्या म्हाताऱ्या पिकअपला ओढायला जड जात नाही. नाक टोकदार. आणि मुख्य म्हणजे पुढे दार. मागच्या उतरत्या फळीवरून आत शिरायचं आणि पुढच्या फळीवरून बाहेर पडायचं. उचलणं नाही, वळवणं नाही.

"पुढचं दार नसलं तर?" मी विचारलं.

"तर ती आत जाईल, पण बाहेर कोण काढणार? तू?"

गॅरेजच्या जमिनीवर त्यानं चिकटपट्टीनं ट्रेलरचा आराखडाच काढला. टोकदार नाक, मागचं दार, पुढचं दार, गाडीखालच्या घसरपट्ट्यांसाठी दोन समांतर रेघा. मला त्यात उभं करून म्हणाला, "तू गाडी आहेस असं समज. चल पुढे." मी मागून शिरले आणि पुढून बाहेर पडले. म्हातारा इतका खूश झाला की त्यानं वेलचीच्या पावाला दुप्पट लोणी लावलं.

ऑक्टोबरात त्याचा मुलगा डॅरिल मिलवॉकीहून आला. डॅरिल वाईट मुलगा आहे असं मी कधी म्हटलं नाही. फोन करायचा, नाताळला मोजे पाठवायचा. पण येणं म्हणाल तर आइलीच्या अंत्यसंस्कारानंतर असा आपणहून आलाच नव्हता. आल्या आल्या म्हणाला, "बाबा, ट्रेलर घेताय म्हणे? आपण दोघं मिळून घेऊ. निम्मे पैसे माझे. तुम्हाला काय वाटतं?"

ओन्नीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं, आणि आजही विसरले नाही. त्यानं घरची सौना तापवली, दाढी केली, चर्चला घालायची टोपी चढवली. ट्रेलर बघायला जाताना वाटेत पोराला सगळं समजावून सांगितलं, बुटकं छत, टोकदार नाक, पुढचं दार. डॅरिल फोनवर काहीतरी बघत "हो हो" म्हणत होता. गाडी मी चालवत होते आणि आरशातून दोघांना बघत होते.

विक्रेत्याच्या आवारात ओन्नीच्या मनातला ट्रेलर उभाच होता. बुटका, रुपेरी, पुढे-मागे दारं. ओन्नीनं त्याच्यावर हात फिरवला. डॅरिल मात्र शेजारच्याकडे गेला. तो उंच, चौकोनी, पुढून सपाट भिंत. डॅरिल आत जाऊन उभा राहिला, हात वर करून छताला लावला, मग दाराची उंची मोजली.

"भिंतीला पट्टे बांधायला कड्या आहेत का?" त्यानं विचारलं.

विक्रेता होता गॉर्डी, आमच्याच गावचा, सगळ्यांना ओळखणारा. तो हसला. "का रे, बापाची स्नोमोबिल उभी करून नेतोस की काय?"

"नाही, म्हणजे... पुढेमागे कशालाही उपयोगी पडेल ना. बाबा, हा जास्त कामाचा आहे. चालेल ना?"

ओन्नी गप्प राहिला. टोपी काढली, आतलं अस्तर नीट केलं, परत घातली.

आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. माणूस गप्प बसतो आणि विचारणाऱ्यानं ओळखायचं असतं. मग विचारणाराच म्हणतो, "राहू दे, दुसरं बघू." कुणाचा अपमान होत नाही. गॉर्डीनं ओळखलं, तो बुटक्या ट्रेलरकडे वळलासुद्धा. डॅरिल याच गावात वाढलेला, आइलीच्या स्वयंपाकघरात हे शेकडो वेळा पाहिलेला. पण शहरात राहून त्याच्या कानातून ते पार पुसलं गेलं होतं. "चला, ठरलं तर," असं म्हणून त्यानं बापाच्या पाठीवर थाप मारली.

मी तोंड उघडलं. ओन्नीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं.

परतताना डॅरिल पेट्रोलपंपावर उतरला तेव्हा मी ओन्नीला धारेवर धरलं. "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? पुढचं दार कुठाय? कसा काढणार गाडी?"

"पोरगा सोबत असेल तर काढेल की."

"आणि तो मिलवॉकीला असेल तेव्हा?"



नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी, डॅरिल बायकोला घेऊन आला. स्वयंपाकघरात बसून त्यानं सांगितलं. मिलवॉकीत त्याच्या घराजवळ तळमजल्यावर एक छोटी जागा मिळालीय, जिने नाहीत, डॉक्टर जवळ. या घराला गिऱ्हाईकही आहे. "बाबा, इथं तुम्ही एकटे पडाल, कुणाला कळणारही नाही. चालेल ना?"

ओन्नी कपात बघत बसला. बराच वेळ. कॉफी निवून गेली.

"थँक यू बाबा," डॅरिल म्हणाला आणि त्याचे डोळे पाणावले. सुटला बिचारा. मला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. पण मी कोण? शेजारीण.

सामान भरायच्या दिवशी ट्रेलरात सगळ्यात आधी पिवळी स्नोमोबिल चढवली. "सोबत असू दे, तुम्हाला बरं वाटेल," डॅरिल म्हणाला. ती नाक पुढे करून आत गेली आणि त्या सपाट भिंतीला जाऊन टेकली. तिच्या मागे पलंग, मग खोकी, मग आइलीचं कपाट. कपाट दारातून उभंच्या उभं आत गेलं. वर बोटभर जागा उरली.

ओन्नी आणि मी गॅरेजात उभे होतो, चिकटपट्टीच्या रेघांवर. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तो छताला हात लावत होता तेव्हा. स्नोमोबिलसाठी कुणी उंची मोजतं का? ती कपाटाची उंची होती."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"आइली गेल्यापासून त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं ना, बाबा तुम्हाला काय वाटतं म्हणून." त्यानं खिशातून स्नोमोबिलची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "ही ठेव. तिकडे हरवतील."

मी रडले. तो रडला नाही. ट्रेलर वळणावरून गेला तेव्हा तो पुढच्या सीटवर ताठ बसला होता, चर्चची टोपी घालून. शवपेट्यांचा विनोद आठवला आणि स्वतःचाच राग आला.

दुसऱ्याच आठवड्यात बर्फ पडलं, गेल्या कित्येक वर्षांत पडलं नव्हतं असं. ओन्नी फोनवर विचारायचा, "किती झालं?" मी सांगायची. मग तो फोन ठेवायचा.

जानेवारीत डॅरिलचा फोन आला. "मावशी, बाबांची स्नोमोबिल नुसतीच ट्रेलरात पडून आहे. एक गिऱ्हाईक आलंय, ट्रेलरसकट घेतंय. पण किल्ली सापडत नाही. बाबांना विचारलं तर ते काही बोलतच नाहीत. तुमच्याकडे आहे का? असली तर पाठवाल?"

किल्ली समोरच होती, खिडकीतल्या खिळ्याला टांगलेली. बाहेर ओन्नीच्या गॅरेजचं छत बर्फानं वाकलं होतं. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही.

"थँक यू मावशी," डॅरिल म्हणाला. "मी पत्ता पाठवतो."