म्हात्रे मॅडम वळल्या तेव्हा

म्हात्रे मॅडम गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये मुलांची जर्नल्स तपासत होते. मेसेज आमच्या कोर्सच्या ग्रुपवर होता. पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी मात्र समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले, कारण मॅडम फक्त दोन दिवसांच्या रजेवर होत्या. "जरा दम लागतोय गो, डॉक्टरला दाखवून येते," एवढंच सांगून गेल्या होत्या... ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. मला पटकन लिहिता येत नाही, मराठीत तर नाहीच. आता सात आठवडे झाले आहेत. सावकाश लिहिलं तर जमेल असं वाटतंय.

डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या आमच्या कॉलेजात मॅडम तीस वर्षं केमिस्ट्री शिकवत होत्या. मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर नुकतीच लागले होते. सुरुवातीला मला त्यांची भीतीच वाटायची. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्या कोपरीच्या, आजोबा आणि वडील मिठागरात राबलेले. घराण्यातली कॉलेजात शिकलेली पहिली मुलगी म्हणजे मॅडम. मी ठाण्यातल्या इंग्रजी शाळेतली, चार माणसांत तोंड न उघडणारी. मला त्या 'मौनीबाबा' म्हणायच्या. मराठी आकड्यांना मी अडखळते हे कळल्यावर तर त्यांना खेळच मिळाला. "एकोणसाठ म्हणजे किती, सांग? अगो, फिफ्टी-नाइन! दोन वर्षांनी माझं वय तेच होणार, तेव्हा तरी लक्षात ठेव." त्या गेल्या तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या होत्या. तो आकडा आता मी चुकत नाही.

शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं, कॉलेजात लागत नाही. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, असं धरून चालतात. मला विषय येत होता आणि शिकवता येत नव्हतं, म्हणून मी कॉलेजच्या अध्यापकांसाठी असलेल्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा फॉर्म भरला. विषय एकच, शिकवणं. दोन वर्षं, दर शनिवार-रविवार, वर्तकनगरला. मी फॉर्म भरतेय हे बघून मॅडम म्हणाल्या, "माझाही आण." स्टाफरूममध्ये हशा पिकला. "मॅडम, तीन वर्षांत रिटायर होताय, आता कशाला डोक्याला ताप?" एका सरांनी विचारलं. "तू कर ना रे आराम," मॅडम म्हणाल्या, "मी कुठे उठवतेय तुला?"

खरं कारण त्यांनी मला पहिल्या शनिवारी ठाणे स्टेशनहून वर्तकनगरला जाताना रिक्षात सांगितलं. नात्यातल्या एका हळदीला त्यांची जुनी विद्यार्थिनी भेटली होती. बँकेत नोकरीला, कडेवर मूल. ती पाया पडली. मॅडमनी सहज विचारलं, "माझ्या वर्गातलं काय आठवतं गो तुला?" ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं फळ्यावरचं अक्षर काय सुंदर होतं!"

"तीस वर्षं," मॅडम मला म्हणाल्या, "आणि अक्षर! मग मी बोर्ड रंगवले असते ना दुकानांचे." आम्ही दोघी हसलो. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "जायच्या आधी मला एकदा कळायला पाहिजे, माझ्या वर्गात कुणाच्या डोक्यात काही शिरतं का."

कोर्समध्ये एक काम असं होतं की आपल्या जोडीदाराच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं. शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही, मुलांकडे बघायचं आणि जे दिसेल ते लिहून द्यायचं. मॅडमनी जोडीदार म्हणून मला निवडलं. मी त्यांच्या तासाला बसले. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून फळा भरत होत्या, अक्षर खरोखरच सुंदर होतं. माझ्या शेजारचा मुलगा मित्राचं जर्नल उतरवत होता. पुढे दोघी जणी बाकाखाली मोबाइल बघत होत्या. बाकीचे फळ्यावरचं वहीत लिहून घेत होते, मान वर न करता. मी अहवालात लिहिलं, 'विद्यार्थी शांत आणि एकाग्र होते. विषयावर उत्तम प्रभुत्व.' आपल्याहून तीस वर्षांनी मोठ्या बाईंबद्दल दुसरं काय लिहिणार? मला तो शिष्टाचार वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला प्रयोगशाळेत गाठलं. कागद हातातच होता.

"तू बसली होतीस कुठे?"

"मागच्या बाकावर."

"मग तुझ्या बाजूचा पोरगा काय करत होता?"

मी टेबलावरच्या परीक्षानळ्या नीट लावायला लागले.

"जर्नल उतरवत होता. मी पाठमोरी असते, आंधळी नाय."

"मॅडम, तुम्ही सीनियर... मी कसं लिहिणार?"

"म्हणजे माझा मान राखलास?" आवाज एकदम खाली आला होता आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. "पोरी, ज्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, तेच तू झाकून ठेवलंस. मना म्हातारी समजून सोडून दिलंस."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बसले. या वेळी सगळं लिहिलं. मॅडमनी तो कागद उभ्यानेच दोनदा वाचला.

"एकवीस वेळा 'कळलं?' म्हणाले मी?"

"हो."

"आणि थांबले किती?"

"एक सेकंद. काही वेळा तेवढंही नाही."

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःलाच विचारत होते..." मला वाटलं आता त्या कोर्स सोडणार. पण त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी स्वतःसाठी लिहिलं, 'प्रश्न विचारल्यावर दहा आकडे.'

दहा आकडे थांबणं त्यांना किती जड गेलं ते मी मागच्या बाकावरून बघितलं आहे. फळ्याकडे तोंड ठेवूनच, हात पाठीमागे धरून बोटांवर मोजायच्या आणि चारला आल्या की स्वतःच उत्तर देऊन टाकायच्या. तासानंतर कपाळावर हात मारून घ्यायच्या. "जीभ हाय की काय हाय ही!" असे दोन-तीन आठवडे गेले. मग एका तासाला त्यांनी फळा कोरा ठेवला, वर्गाकडे तोंड केलं आणि मराठीत विचारलं, "मिठागरात मीठ ओढून घेतल्यावर उरलेलं पाणी सोडून देतात. का? तेही आटवलं तर आणखी मीठ नाही का मिळणार?" वर्ग गप्प. पाच, सहा, सात... हात पाठीमागे, ओठ मोजताना हलत होते. आठला जर्नल उतरवणारा तोच मुलगा, बसल्या जागेवरून, अर्धवट बोलला, "कडू होईल ना. आमची आजी बोलते, ते पाणी कडू असतं." "का कडू?" मॅडमनी विचारलं आणि पुन्हा थांबल्या. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅग्नेशियम?" मग एकदम चार-पाच जण बोलायला लागले. तास संपल्याची घंटा कुणी मनावर घेतली नाही. बाहेर आल्यावर मॅडम माझा हात धरून जिन्यापर्यंत चालल्या.

त्यांनीही माझा तास बघितला. अहवालात दोनच ओळी होत्या : 'स्लाइड छान. मुलं स्लाइडकडे बघत होती, तू कुठे होतीस ते सापडलं नाही.' असं दुसरं कुणी लिहिलं असतं तर मी नोकरी सोडली असती. मॅडमनी लिहिलं होतं म्हणून मी एक दिवस प्रोजेक्टर बंद ठेवला. त्यानंतर आणखी एक दिवस.

मॅडम गेल्यावर त्यांचे उरलेले तास माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी त्या वर्गात शिरले आणि हजेरी घेतली. मी विषयाला हात घातला. "मटका कुल्फीवाला बर्फात मीठ का टाकतो?" असं विचारलं आणि थांबले. कुणी बोलेना. ती शांतता मला सोसेना. मला वाटलं, मॅडमबरोबर तेही गेलं... मी खडू उचलला आणि उत्तर लिहायला फळ्याकडे वळले.

"मॅडम, लिहू नका ना!" मागून एक मुलगी जवळजवळ ओरडलीच. "थांबा, विचार करतोय."

"अजून दहा कुठे झाले?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

म्हणजे मुलांना आकडे माहीत होते. पाठीमागे धरलेल्या त्या हातांचं गुपित आपल्याला कळलंय, हे वर्गाने मॅडमना कधी कळू दिलं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि मुलांकडे तोंड करून उभी राहिले. कुणी वहीत रेघोट्या मारत होतं, कुणी छताकडे बघत होतं, दोघं कुजबुजत भांडत होते. त्या खोलीत सगळे विचार करत होते, आणि घाई कुणालाच नव्हती.