अकरा एक्क्यांचे वाटे

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर होडी लागली की मासळीचे वाटे पुंडलिकनेच पाडायचे, ही रीत त्याच्या पुतण्याच्या, हितेशच्या, जन्माआधीची. गुडघे गेल्यापासून पुंडलिकचं मासेमारीला जाणं संपलं. मान उरला होता तो एवढाच. सारखे वाटे पाडून एखादा मासा उरला, तर तो दर्याचा. पाण्यात सोडला की हिशेब चोख, असा त्याचा कायदा.

यंदा होडी हितेशच्या नावावर आली आणि वाटे त्याच्या मोबाईलवर गेले. पुंडलिकचं पित्त खवळलं.

"त्या डबड्याला दर्या कळतो काय रे?"

हितेशने हसत एकाचं बटण दाबायला सुरुवात केली. अकरा एक्के झाले तेव्हा थांबला. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा!

"याचे सारखे वाटे पाडा, काका. सगळं एकालाच नाय, नि एकेकाला एकेक पन नाय. जमलं तर वाटप तुमचं."

पुंडलिकने तिथेच ओल्या वाळूत काठीने भागाकार मांडला. दोनने भागलं, एक उरला. "झालं! वरचा एक दर्याचा!"

"नाय हां काका. उरायला काय नको."

होडीवरचे सगळे खो खो हसले. मग त्या आकड्याने म्हाताऱ्याचा असा काही छळ मांडला म्हणता! तीनने दोन उरले, सातनेही दोन. अकराने तर हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला. पुन्हा तो मेला एकच उरला. भरती वाळू पुसून जायची, ओहोटीला हा परत काठी घेऊन बसायचा. बायको, चंद्रकांता, जेवायला हाका मारून थकली. तो तिच्यावरच खेकसायचा.

शेवटी सून रिद्धीला राहवलं नाही. तिने मोबाईलवर शोधलं. "बाबा, फुटतो. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास वाटे. त्याच्यापेक्षा कमी पडतच नाय."

पुंडलिक अजून शंभराच्याही अलीकडे होता. "एवढी मानसं कुटल्या होडीवर असतात गो?" त्याने काठी भिरकावून दिली. आकडा फुटला, पण फोडला मोबाईलनेच.

पुढच्या खेपेला होडी लागली. मोबाईलने वाटे पाडले, एक पापलेट उरलं. हितेशने ते उचललं आणि पाण्याकडे न जाता काकाकडे आला.

"घ्या काका, हा उरलेला तुमाला."

पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. पुंडलिकने ते हातात घेतलं. लंगडत पाण्यात शिरला आणि पापलेट लांब फेकलं. भरतीची लाट आली, तिने ते आणून त्याच्याच पायाशी टाकलं. त्याने पुन्हा फेकलं. पुन्हा आलं.

"घे ना रे!" तो दर्यावर ओरडला. "तुझाच हाय तो, माझा नाय!"