धापूबाईनं सांगितलेला पत्ता

कामरगावच्या पेठेत कस्तुरचंदचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागच्या घराचा सगळा कारभार धापूबाईच्या हातात होता. धापूबाई त्याची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, तेव्हा पांढरं लुगडं नेसून ती माहेरी आली आणि इथलीच झाली. आई वारली तेव्हा धाकटा शांतीलाल पाळण्यात होता. त्याला तिनंच न्हाऊमाखू घातलं, मांडीवर निजवलं, सूर्य मावळायच्या आत घास भरवले. दोघेही भाऊ तिला जीजी म्हणत. पण शांतीलालच्या तोंडून ती हाक आली की तिला पान्हा फुटल्यासारखं व्हायचं.

शांतीलालचं मन दुकानात रमलं नाही. तो मुंबईला गेला आणि सोन्याच्या व्यापारात शिरला, असं घरात सांगितलं जाई. कुठलं सोनं, कुठून येतं, हे कोणी खोदून विचारलं नाही. एकदा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "जीजी, मले एक भरवशाचा मानूस पायजे."

हंगामात दुकानात कापडाच्या गठाणी उचलायला किन्हीराजाजवळच्या बंजारा तांड्यावरचा फुलचंद येत असे. अंगानं दणकट, मनानं निर्मळ. त्याची आई गोमतीबाई तेव्हा कापूस वेचायला कामरगावातच उतरली होती. धापूबाईनं त्याला मुंबईला पाठवायचं सुचवलं, तेव्हा ती काही तयार होईना.

"एकच लेक हाये, बाई. मुंबई कोनं पायली?"

"माह्या शांतीजवळ राहीन तो," धापूबाई म्हणाली. "माह्या हातचा वाढला हाये शांती. मी हाये ना."

या शब्दावर गोमतीबाईनं लेक पाठवला.

१९७३च्या उन्हाळ्यात दुकानासमोर पोलिसांची जीप थांबली. मुंबईहून आलेल्या साहेबानं गादीवर बसून सांगितलं ते असं : चोरट्या सोन्यावरून दोन टोळ्यांत वैर पेटलं होतं. शांतीलालनं आपल्या माणसांकरवी एका गोदामात समोरच्या टोळीचे दोघे मारले. फुलचंद ते पाहून घाबरला, गावी जातो म्हणाला. तो तोंड उघडील म्हणून त्यालाही संपवलं. दोघांची प्रेतं सापडली, फुलचंदचं सापडलं नाही. शांतीलाल लाँचमधून समुद्रापार पळाला होता. देशोदेशीच्या पोलिसांना त्याचा फोटो गेला होता.

"साहेब, चूक होऊन राह्यली तुमची," कस्तुरचंद म्हणाला. "आमी मुंगीवर पाय देत नाही."

दाराआड उभ्या असलेल्या धापूबाईला मात्र कळलं, की चूक झालेली नाही. दिवाळीला शांतीलाल जेवायला बसला होता तेव्हा दारात कोणी खोकलं तरी त्याचा हात कमरेशी जात होता. तिनं ते पाहिलं होतं आणि मनाआड केलं होतं.

त्या वर्षी जैनांच्या संवत्सरीचा उपवास तिनं कडकडीत केला. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्यांची त्या दिवशी क्षमा मागायची असते. गावातली घरं झाली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच एसटीत बसली, किन्हीराजाला उतरली आणि चिखल तुडवत तांड्यावर गेली. गोमतीबाई झोपडीपुढं ज्वारी पाखडत होती. हिला पाहून तिचं सूप थांबलं.

"गोमती, मी माफी मागाले आली."

"कोनाची माफी? तुही का त्याची?"

"माही. शब्द म्या देल्ता."

गोमतीबाईनं सूप खाली ठेवलं. "मंग तुहा शांती कुठी हाये ते सांग. माफीचं मंग पाहू."

"भगवंताची आन, मले ठाऊक नाही."

"ठाऊक झालं का मंग ये."

धापूबाई परत आली. घरात शांतीलालचं नाव घ्यायची बंदी झाली. आणीबाणीत कस्तुरचंदला चौकशीसाठी अकोल्याला नेलं, काही दिवस बसवून ठेवलं. परत आला तो खांदे पडलेला. असं करत चार वर्षं गेली, पण एक तप गेलं म्हणावं इतकी ती लांबली.

आणि सत्त्याहत्तरच्या थंडीत शिरपूरच्या पार्श्वनाथाच्या दर्शनाला आलेला एक म्हातारा गुजराती व्यापारी वाट वाकडी करून दारात उभा राहिला. आफ्रिकेतल्या मोंबासा बंदरात त्याची पेढी होती. हिंदीत त्यानं विचारलं, धापूबेन आपणच का? आणि पिशवीतून एक मऊसूत पांढरं लुगडं काढून तिच्यापुढं ठेवलं. आमच्या जयंतीभाईंनी पाठवलंय, म्हणाला. फार धर्मशील माणूस. मंदिराला सढळ हातानं देतात, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. लहानपणी धापूबेनच्या हातची खिचडी खाल्ली, तिची चव विसरलो नाही म्हणतात.

धापूबाईला पहिल्यांदा झाला तो आनंद. पोरगा जिवंत आहे, आठवण काढतो आहे. त्या आनंदाची तिला लगेच इतकी लाज वाटली, की तिनं पदर तोंडाला लावला. मग सावरून तिनं पाहुण्याला गरम पोळ्या वाढल्या, आणि वाढता वाढता विचारलं, जयंतीभाईंचं दुकान कुठल्या रस्त्यावर? त्या भल्या माणसानं सगळं सांगितलं.

पाहुणा गेल्यावर कस्तुरचंद आत आला.

"जीजी, थे लुगडं चुलीत घाल. आपल्याकडं कोनी आलं नोतं."

तिनं लुगडं उचलून मांडीवर घेतलं.

"नाव बदललं त्यानं. चांगला वागून राह्यला. जाऊ दे ना आता."

"फुलचंद कुठी वागून राह्यला?" ती म्हणाली.

"फाशी देतीन त्याले! तूच वाढवला ना?"

दिवस मावळेपर्यंत ती लुगडं मांडीवर घेऊन बसून राहिली. सकाळी ते घडी करून भावजयीच्या हाती दिलं आणि तांड्याकडं निघाली.

गोमतीबाई खंगली होती. तिचा नवरा रूपला बाजेवर बसला होता. धापूबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "ठाऊक झालं."

दोघी बायका मिळून वाशीमच्या पोलीस ठाण्यात गेल्या. लिहून घेता घेता साहेबानं विचारलं, "तुमचं त्या माणसाशी नातं काय?"

"बहीन."

मग त्यानं स्वतः उठून दोघींना पाणी दिलं.

काही महिन्यांनी मोंबासात शांतीलाल धरला गेला, मुंबईला आणला गेला. खटला चालला आणि जन्मठेप झाली. कस्तुरचंदनं बहिणीशी बोलणं सोडलं. पेठेत कोणी तिला घरभेदी म्हणालं, कोणी काहीच म्हणालं नाही. ती मंदिराजवळच्या एका खोलीत राहायला गेली आणि पापड लाटून पोट भरू लागली.

शांतीलालला नागपूरच्या तुरुंगात हलवल्याचं कळलं, तेव्हा ती भेटीला गेली. गजाआडचा माणूस जाड झाला होता, केस विरळ झाले होते; आवाज तोच.

"जीजी, चुगली कोनं केली माही?"

"म्या."

"फासावर गेलो असतो मी."

"हाव. निकाल लागेपर्यंत घास उतरत नोता माह्या गळ्याखाली."

"मंग आता कायले आली?"

"फुलचंदले कुठी टाकलं ते सांग. त्याच्या मायनं इचारलं हाये."

शिपायानं वेळ संपत आल्याचं खुणावलं, तेव्हा कुठं तो बोलला, "शिवडीच्या खाडीत. भरती होती."

"काही बोलला का तो?"

शांतीलालनं मान खाली घातली. "तुह्यं नाव घेतलं. म्हने, मले धापूबाईनं पाठवलं हाये."

तिथून ती घरी गेली नाही, किन्हीराजाची गाडी धरली.

तांड्यावर जाऊन तिनं गोमतीबाईला खाडीचं सांगितलं. फुलचंदचं शेवटचं वाक्य गिळून टाकता आलं असतं. ते तिनं गिळलं नाही. गोमतीबाईनं आपल्या बोलीत हेल काढून लेकाला हाका मारल्या. अवतीभवतीच्या झोपड्यांतल्या बाया येऊन तिच्याभोवती बसल्या आणि त्यांच्या रडण्यात धापूबाईही बसून राहिली. माफीचा शब्द तिनं काढला नाही, गोमतीबाईनंही नाही. उन्हं कलल्यावर रूपला उठला, तिची पिशवी घेतली आणि परतीची गाडी येईपर्यंत सडकेवर तिच्याजवळ उभा राहिला.

पुढच्या हंगामात गोमतीबाई कापूस वेचायला कामरगावात आली. आठवडी बाजाराच्या दिवशी ती मंदिराजवळची खोली विचारत आली, दारात टेकली, आणि धापूबाईनं दिलेलं पाणी पिऊन म्हणाली, "पापड कडक वाळले नाहीत वं. अजून उनात ठेव."