सामान बोलत नाही

आमच्या आत्याबद्दल या इमारतीत एक गोष्ट फिरते. आमची भांडी फडताळात लागायच्या आधी ती तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जाऊन आली होती. गोष्ट अशी, की त्या पॅकिंगवाल्या बाईनं भाचीच्या वाढदिवसाला भाचीलाच खोक्यात भरलं आणि ट्रकवर चढवलं. तळमजल्यावरच्या आजी हे सांगून झालं की श्वास आत ओढतात, "हाऽऽ" असा, आणि आवाज खाली आणून म्हणतात, "पोरगी अवघी पाच वर्षांची हो!" तो "हाऽऽ" मला हुबेहूब जमतो. जिन्यात काढला की आजींचं दार उघडतं.

पण गोष्ट खोटी आहे. भरलं आत्यानं नाही, आणि चढवलं तर मुळीच नाही. तिनं फक्त त्या खोक्यावर टकटक केलं, आतून कोणी बोललं नाही, म्हणून ती म्हणाली, "जाऊ दे." तिचा हात त्यात एवढाच. त्या दोन शब्दांमुळे ती अजूनही जेवता जेवता मध्येच थांबते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लोकांची घरं खोक्यांत भरणं आणि दुसरीकडे नेऊन बाहेर काढणं हा तिचा धंदा. तिच्या हातात कायम टेप असते, त्यामुळे तिचं एकही वाक्य सलग येत नाही. "ते कप, खर्रर्र, उभे ठेव. आडवे ठेवलेस ना, खर्रर्र, तर तुझे कान, खर्रर्र, मी आडवे करीन." टेप दातानं तोडायची आणि मग "बरं" म्हणायचं, हा तिचा पूर्णविराम.

तिची आणखी एक सवय आहे. बंद खोकं दाराबाहेर जायच्या आधी ती त्यावर दोनदा टकटक करते आणि बँकेच्या खिडकीवर चौकशी करावी तशा आवाजात विचारते, "आहे का कोणी आत?" एकदा एका गिऱ्हाइकाचं मांजर रजयांबरोबर खोक्यात बंद होऊन दिवसभर प्रवास करून आलं होतं. मांजर वाचलं. पण खोकं उघडल्यावर ते ज्या नजरेनं बघत होतं, ती नजर आत्या विसरली नाही. तेव्हापासून टकटक. आम्ही सगळे तिला त्यावरून हसायचो आणि मी तर त्याचा प्रयोग लावायचे.

आत्याची जुळी मुलं आहेत, मोठा आणि धाकटा. दोघांत काही मिनिटांचं अंतर आहे, पण मोठा त्या मिनिटांचा फार मान घेतो. लहानपणी त्यांना सांभाळायला घरी कोणी नसायचं, म्हणून आत्या त्यांना कामावर न्यायची. परक्या घरात त्यांनी कलकल करू नये म्हणून तिनं एक खेळ काढला होता.

"आज तुम्ही कोण?"

"सामान!"

"सामान बोलतं का?"

यावर उत्तर द्यायचं नाही. जो बोलला तो हरला. दोघं तासन्‌तास हूं की चूं न करता बसायचे. आमच्या बटणला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हा खेळ त्यांनीच शिकवला. आईला तो कधीच आवडला नाही. "अहो ताई, लहान पोरांनी असं गप्प बसलेलं मला बघवत नाही," ती म्हणायची. आत्या म्हणायची, "तुला बघवत नाही, मला परवडतं."

नव्या घराची किल्ली मिळायला उशीर झाला आणि सामान हलवायचा दिवस नेमका बटणच्या वाढदिवसावर आला. आई म्हणाली, वाढदिवस पुढे ढकलू. बाबा म्हणाले, "ढकलायचा कशाला? खोक्यावर केक ठेवू आणि कापू. टेबल शोधायला नको."

दुपारी घरात असा कारभार होता: आई स्वयंपाकघरात बरण्यांशी बोलत होती. बाबा पलंग जोडत होते आणि उरलेल्या एका स्क्रूकडे संशयानं बघत होते. मी फुगे फुगवत होते. आत्या खोकी रिकामी करून चपटी करत होती आणि ते पुठ्ठे उंच कपड्यांच्या खोक्यांत उभे ठासून भरत होती. रिकामी खोकी कंपनीला परत जातात. ट्रक संध्याकाळच्या आत ती न्यायला येणार होता.

बटण नवा फ्रॉक घालून सगळ्यांच्या पायांत येत होती. "माझा वाढदिवस कधी सुरू होणार?"

"सामान लागलं, खर्रर्र, की."

"मग मला पण लावा."

"जा, जुळ्यांना सांग. बरं."

आत्या असं म्हणाली. मी ऐकलं, बाबांनी ऐकलं. नंतर तिनं आम्हाला पुन्हापुन्हा विचारलं, "मी तसं म्हणाले होते का?" आम्ही दोघांनीही सांगितलं, आठवत नाही.

त्यानंतर बटणचा आवाज थांबला. कोणाच्या लक्षात आलं नाही. घर लावताना लहान मूल गप्प झालं तर माणसाला बरंच वाटतं. आतल्या खोलीतून टेपचा आवाज आला. मला वाटलं, आत्या आहे. आत्याला वाटलं, बाबा आहेत. बाबांना काहीच वाटलं नाही, त्यांना आणखी एक स्क्रू सापडला होता.

मग ड्रायव्हर आला. हा माणूस प्रत्येक गोष्टीला "चालतंय" म्हणतो. आई म्हणाली पाणी घ्या, तर "चालतंय." बाबा म्हणाले लिफ्ट छोटी आहे, तर "चालतंय." उंच खोकी दाराशी रांगेत उभी होती. आत्या एकेकावर टकटक करत निघाली. "आहे का कोणी आत?"

"ताई, भाडेकरू ठेवलेस का गं?" बाबा म्हणाले. ड्रायव्हर हसला.

शेवटचं खोकं रांगेपासून जरा अलग होतं. त्यावर लाल खडूनं भलामोठा बाण काढलेला होता, टोक वर. आत्यानं टकटक केलं. "आहे का कोणी आत?"

काही नाही.

ती तिथं इतरांपेक्षा जास्त वेळ थांबली. मान थोडी तिरकी केली. मी तोंडात फुगा धरून बघत होते, कारण तो तिरक्या मानेचा भाग मला नकलेत घ्यायचा होता. तेवढ्यात खाली कोणीतरी हॉर्न दाबला. ट्रकनं रस्ता अडवला होता.

"जाऊ दे," आत्या म्हणाली.

ड्रायव्हरनं खोकं ढकलगाडीवर कलतं केलं. "हे भारी आहे जरा."

"पुठ्ठे ठासलेत," बाबा म्हणाले.

"चालतंय."

लिफ्टचं दार लागलं.

आईनं केक आणला. बाबांनी खरंच एक खोकं मध्यभागी ओढलं. मेणबत्त्या लागल्या. "बटणला बोलवा रे," आई म्हणाली. मी हाक मारली. मग बाबांनी मारली. मग आईनं, आणि आईची हाक अर्ध्यात चिरली. न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली बघितलं, जिना बघितला. आई गॅलरीत गेली, कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि खाली बघायच्या आधी डोळे मिटले. खाली काही नव्हतं. ती तशीच उभी राहिली.

आत्या मात्र शोधत नव्हती. ती जुळ्यांकडे बघत होती. दोघं भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, शहाण्यासारखे बसले होते. ती पोरं शहाण्यासारखी बसली की काहीतरी झालेलं असतं.

"बटण कुठंय?"

धाकट्यानं मोठ्याकडे बघितलं. मोठा म्हणाला, "पाठवली."

"कुठं पाठवली?"

"इथंच. पत्ता घातलाय ना, आपला नवा. संध्याकाळी येईल." मग त्याला वाटलं आत्याला कामाची काळजी आहे, म्हणून त्यानं भर घातली, "बुडबुड्यांचा कागद गुंडाळलाय. बाजूनं पुठ्ठे लावलेत. बाण वर आहे. फुटणार नाही."

"पत्ता कशानं लिहिलास?"

"खडूनं. मागच्या बाजूला, मोठ्ठा."

आत्याचा चेहरा त्या उत्तरावर बदलला, "पाठवली"वर नाही. ते मला तेव्हा कळलं नाही. केकवरच्या मेणबत्त्या तशाच जळत होत्या आणि त्या विझवाव्यात असं कोणालाच सुचलं नाही.

बाबांनी ड्रायव्हरला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन घेत नाही, कंपनीचा नियम आहे आणि तो पाळणारा तो एकटाच आहे. गोदामाचाही फोन वाजत राहिला. आई जुळ्यांना घेऊन फोनपाशी बसली. आम्ही तिघं आत्याच्या छोट्या टेम्पोत चढलो.

वाटेत आत्या बोलली. टेप नव्हती, त्यामुळे तिचं बोलणं मी पहिल्यांदाच अखंड ऐकलं, आणि ते मला ओळखू येईना. "धड असलेली खोकी परत वापरतात," ती म्हणाली. "फाटलेली, लिहिलेली, रंगवलेली उघडतसुद्धा नाहीत. सरळ दाबयंत्रात टाकतात. गठ्ठा करतात."

बाबा म्हणाले, "ताई, जोरात चालव."

"जोरातच आहे."



दाबयंत्राचा आवाज फाटकाबाहेरच ऐकू आला. आधी सूंऽऽ, मग धब्ब. परत सूंऽऽ. फोन का उचलला नाही ते कळलं. ड्रायव्हर नळाशी पाणी पीत होता. "काय राहिलं का?" त्यानं विचारलं. आत्या त्याच्या बाजूनं पळत गेली आणि तिनं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. यंत्र धब्बच्या आधी थांबलं.

यंत्रवाला वळला. हा माणूस दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत मान डोलवतो. "हां हां हां, काय झालं ताई?"

"लाल खडूनं लिहिलेलं खोकं. कुठंय?"

"हां हां, होतं एक. बाण होता. हां." त्याची मान थांबली. "घातलं का ठेवलं... आठवत नाही बुवा."

यंत्राच्या तोंडाशी नुकताच निघालेला गठ्ठा पडला होता. पुठ्ठ्याच्या थरांमधून एक लाल रेघ दिसत होती. बाबा जिथं होते तिथंच खाली बसले. ती रेघ कंपनीच्या छापाची होती, पण हे कळायला कोणीतरी जवळ जायला हवं होतं, आणि जवळ गेली ती आत्याच. तिनं वाकून बघितलं, बोट लावलं आणि मान हलवली. नाही.

मागे अंधारात उंच खोक्यांचा ढीग उभा होता. बाबा उठून ओरडायला लागले, "बटण! बटण!" मीही ओरडले. ड्रायव्हरही. उत्तर नाही. यंत्रवाल्यानं लांब पातं काढलं. "हां, फाडतो सगळी, थांबा."

"पातं खाली ठेव," आत्या म्हणाली. "आणि सगळे गप्प बसा. ती खेळतेय. नावानं हाक मारली तर बोलणार नाही."

तिनं पदराला हात पुसले. गोदाम इतकं शांत झालं की नळाचं टिपकणं ऐकू यायला लागलं. मग आत्या वेगळ्याच आवाजात बोलली. घामाघूम होऊन तीन जिने चढून आलेल्या माणसाच्या वैतागलेल्या आवाजात.

"पार्सल आलंय होऽऽ! घरात आहे का कोणी? सही कोण करतंय?"

काही नाही. नळ टिपकत होता. बाबांचा हात माझ्या दंडात रुतला होता.

मग ढिगाच्या मागून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या एका खोक्यातून बारीक आवाज आला.

"आले का मी?"

आत्यानं ते खोकं नखांनी उघडलं. पातं घेतलं नाही, टेप नखांनी सोलली. आत बटण होती. केस कपाळाला चिकटलेले, गाल लाल, बुडबुड्यांचा कागद गळ्यापर्यंत. हात घालायच्या भोकांतून वारा येत होता म्हणून बरं. पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. ती रडली नाही. तिनं विचारलं, "केक कापला?"

बाबांनी तिला उचललं. आत्या खाली गुडघ्यांवरच होती. "बाळा, मी टकटक केलं ना गं? मी विचारलं ना? तू बोलली का नाहीस?"

बटणनं तिच्याकडे असं बघितलं, की एवढं मोठं माणूस आणि एवढंही माहीत नाही.

"सामान बोलत नाही."

आत्यानं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

घरी केक कापला तेव्हा मेणबत्त्या वितळून मलईत रुतल्या होत्या. आईनं बटणला मांडीवरून उतरू दिलं नाही. जुळ्यांना आत्यानं समोर उभं केलं आणि सांगितलं की आजपासून सामान बोलतं. ओरडतं. हाक मारली की ओ देतं. धाकट्यानं विचारलं, "आणि फडताळ पण?" मोठ्यानं त्याला कोपर मारलं. कोणी हसलं नाही. आत्या कोपऱ्यात बसली. केक तिनं हातात धरला होता, खाल्ला नाही. पुढच्या आठवड्यापासून हे काम सोडते म्हणाली. बाबा म्हणाले, "ताई, उद्या बोलू." ती म्हणाली, "उद्या पण हेच बोलेन."

तिला हसवावं म्हणून मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "आत्या, एक गोष्ट बरी झाली. बटण आता जन्मात खोक्याजवळ जाणार नाही."

"जाईल."

"नाही जाणार! पैज लाव."

आत्या माझ्याकडे वळली. त्या दुपारनंतर पहिल्यांदा ती कोणाकडे नीट बघत होती. "हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद."

"आणि जिंकले तर तू काम सोडायचं नाहीस."

"बरं," ती म्हणाली. "पण तू जिंकणार नाहीस. तिला भीती बसलेलीच नाही. तू तिचं तोंड बघितलंस ना?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाबांनी वाढदिवसाची भेट उघडली होती, चाकांचा मोठा हत्ती. आई तो बघायला वाकली, आणि तेवढ्यात बटण मांडीवरून घसरली. हत्तीकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. ती हत्तीच्या खोक्यात जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेतले, वरची झडप एका हातानं ओढून घेतली, आणि आतून जुळ्यांना हाक मारली, "टेप आणा!"

आई किंचाळली. आत्या धावत गेली आणि झडपेत हात घालून बसली. बटण झोपेपर्यंत तिनं तो हात काढला नाही.

मी पैज हरले. महिना काल संपला. आत्या अजून कामावर जाते, रोज उद्या सोडते म्हणत. तिचा आवाज मी आज सकाळी आरशासमोर काढून बघितला. खर्रर्र तसाच जमला, "बरं" पण जमलं. "आहे का कोणी आत?" मात्र पहिल्यासारखं येत नाही. ती आता विचारते आणि ऐकत थांबते, फार वेळ, आणि ते थांबणं मला अजून जमलेलं नाही.